खुब्यातली रेघ

३ जानेवारी, शनिवार. दौंड

नवनाथ सरांनी अकॅडमीतल्या सगळ्या पोरींना एकेक वही दिलीय. रोजची वेळ, वजन आणि सराव लिहायचा, रविवारी सर तपासणार. पुढची पानं सरांची झाली. म्हणून वही उलटी करून मी हे मागून लिहायला घेतलंय. करिश्मे, तू हे वाचत असशील तर तुझं काही खरं नाही. (करिश्मा शेजारच्या कॉटवर झोपते. दुसऱ्याच्या सामानात नाक खुपसायची तिला जुनी खोड आहे.)

पुढच्या पानावर आज असं लिहिलंय: आठशे मीटर, दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंद. वजन साडेचव्वेचाळीस. सर खूश. म्हणाले, "तेजश्री, पोलीस भरतीत पोरी सेकंदावर जात्यात. अजून एक किलो काढ, दोन सेकंद आपोआप निघतील."

आता मागच्या पानाचं. डाव्या जांघेत दुखतंय. पंधरा दिवस झाले. आधी धावून झाल्यावर दुखायचं, मग धावताना दुखायला लागलं, आता जिना चढतानाही कळ येते. अठरा फेब्रुवारीला माझं ग्राउंड आहे, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी. मागच्या भरतीत एका मार्कानं गेले होते. आईनं सांगून टाकलंय, ही शेवटची, मग स्थळं बघायची. हा पाय आता मध्येच दगा देतो की काय. कुणाला सांगितलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

सांगावंच लागलं. आज तिसऱ्या राउंडला मी थांबले आणि सर शिट्टी फुंकत आले. "कुठं दुखतंय?" मी म्हणाले, "मांडी." सगळी पोरं बाजूला उभी, त्यात सर माजी फौजी माणूस, मिशा एवढ्या. जांघ हा शब्द तोंडातून निघेचना.

सरांनी लगेच गाडीवर बसवून एक्स-रे काढायला पाठवलं. तिथल्या माणसालाही मी मांडीच सांगितली. एक्स-रे नॉर्मल. सरांनी फिल्म उजेडात धरली. "हाडाला काय बी झालं न्हाई. तुझ्या मनात भीती बसलीया. उद्यापास्नं पुन्हा पळायचं." मला बरं वाटलं. म्हणजे दुखत होतंच, पण बरं वाटलं.

आज गुरुवारचा उपास. उद्या धरत नाही, परवा शनिवारचा आहे. देवाचं देवाला होतं आणि वजनही उतरतं.

करिश्मा पॅड मागत होती. माझ्याकडं कुठलं? मला जूनपासून लागलंच नाही. आधी घाबरले होते, पण सिनियर पोरी म्हणाल्या की बॉडी सेट झाली की पाळी थांबतेच, काळजी नको. ग्राउंडच्या दिवशी नेमकी यायची भीती तरी गेली. देवानं तेवढी एक सवलत दिली बघ.

१३ जानेवारी, मंगळवार. कवठे येमाई

संक्रांतीला दोन दिवस घरी आले. एसटीतून उतरताना डावा पाय खाली टेकवला आणि पायात जीवच नाही. दांडा धरून लोंबकळले. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, उतरा की लवकर!" मेल्या, उतरता आलं असतं तर उतरले नसते का?

आज भोगी. आईनं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी केल्या, लेकुरवाळी भाजी, वर लोण्याचा गोळा. वास एवढा सुटला होता की रडू आलं. अर्धी खाल्ली, बाकीची ओच्यात घेऊन गोठ्यात गेले आणि कालवडीला घातली. तिनं दावं ओढत दोन घासांत संपवली.

आप्पांनी लंगडताना बघितलं. आप्पा कमी बोलतात. एवढंच म्हणाले, "परवा शिरूरला जायचं. हाडाच्या डॉक्टरला दाखवायचं."

१५ जानेवारी, गुरुवार

डॉक्टर बाई आहेत. चष्मा कपाळावर, बोलणं फटकळ. मला झोपवून त्यांनी गुडघा दुमडला आणि पाय आतल्या बाजूला फिरवला. मी एवढ्या जोरात किंचाळले की बाहेरचे पेशंट दारात आले.

त्यांनी एक्स-रे बघितला आणि विचारलं, "मांडीचा कुणी काढायला सांगितला? दुखतोय तो खुबा." मी खाली बघितलं. उद्या एमआरआय करायचाय. मी म्हणाले, "एक्स-रे नॉर्मल आहे ना पण." तर म्हणाल्या, "एक्स-रेत दिसायला हाड नीट तुटावं लागतं. त्याआधी ते थकतं, आतून सुजतं. ते एमआरआयमध्येच दिसतं."

हाड थकतं म्हणे. मला वाटायचं माणूस थकतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

जीव मुठीत धरून गेले. मशीनवाल्यानं नाकातली चमकी काढायला लावली. ती लहानपणापासून निघाली नव्हती, आईनं साबण लावून काढली. मग त्यानं विचारलं, "अंगात कुठं लोखंड, स्क्रू, प्लेट?" मी म्हणाले, "अहो बावीस वर्षांची आहे मी, बैलगाडी नाही." तो हसला. मला मात्र हसू आलं नाही.

खुब्याचा फोटो म्हणून पाय आधी आत गेले. आई म्हणाली, "पायाळूच हाय ती, हितं बी पाय म्होरं." मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आले. आमच्याकडं कुणाची पाठ धरली, उसण भरली, की पायाळू माणसाची लाथ लावून घेतात. अर्ध्या गावाच्या पाठीला माझा पाय लागलाय. माझ्या पायाला कोण लाथ लावणार?

हातात रबरी फुगा दिला होता, फार भीती वाटली तर दाबायला. मग आवाज सुरू झाला. बोअरची गाडी उशाशी उभी करून कुणी दगड फोडतंय असा. हलायचं नाही. पंचवीस मिनिटं. मी पुटपुटत होते, येमाई माते, काही निघू देऊ नको. फुगा दाबला नाही. पण हात बाहेर काढला तेव्हा बोटं उघडेनात.

१७ जानेवारी, शनिवार

निघालं.

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडं फिरवली. "ही आतली जागा काळी दिसायला पाहिजे. हा पांढरा ढग दिसतो ना, ती सूज. आणि ढगातली ही बारीक काळी रेघ, ती चीर." डाव्या खुब्याच्या मानेत आहे, म्हणजे गोळ्याखालच्या बारीक भागात, खालच्या अंगाला. मानेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आलीय.

एवढीशी रेघ. पेन्सिलीनं ओढल्यासारखी. मी विचारलं, "मग ग्राउंड?"

"ग्राउंड विसर. पाय टिकवायचाय. डाव्या पायावर एक ग्रॅमही वजन द्यायचं नाही. सहा आठवडे कुबड्या. रेघ अर्ध्याच्या पुढं गेली तर स्क्रू. आणि हाड तुटून सरकलं, तर वरच्या गोळ्याचं रक्त बंद होतं. मग बाविसाव्या वर्षी कृत्रिम खुबा बसवावा लागेल." हे सगळं त्या सरळ बोलल्या. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग त्यांनी विचारलं, "पाळी नियमित येते?"

आप्पा शेजारी बसलेले. ते एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. माझे कान तापले. मी म्हणाले, "हो."

"जेवण?"

"हो, सगळं खाते."

त्यात मोठं खोटं काय आहे? येत नाही म्हणजे तेवढा त्रास नाही. आणि त्याचा हाडाशी काय संबंध? डॉक्टर लोकांना सगळं विचारायची सवयच असते.

२२ जानेवारी, गुरुवार

आईनं गावात सांगितलंय की पाय मुरगळलाय. खुब्याला चीर आहे हे एकदा बाहेर गेलं की लंगडी म्हणून शिक्का बसेल, मग कोण करून घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक आले की मी कुबड्या कॉटखाली सारते आणि पायाला नुसतं फडकं बांधून बसते.

धावणं बंद, मग खाऊन काय करायचं? बसून खाल्लं तर चार दिवसांत पोतं होईल. सकाळी चहा, दुपारी चतकोर. आज उपास आहेच. ग्राउंडला अजून सत्तावीस दिवस आहेत. डॉक्टर सहा आठवडे म्हणाल्या, पण डॉक्टर वाढवूनच सांगतात. चार आठवड्यांत भरलं तर एक इंजेक्शन घेऊन आठशे मीटर काढेन. तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे.

कधी वाटतं जमेल. कधी मध्येच ती रेघ डोळ्यापुढं येते आणि मी पाय पोटाशी घेऊन बसते. दिवसातून दहा वेळा येते.

२७ जानेवारी, मंगळवार

नीट लिहिता येत नाही.

दुपारी पलीकडच्या आळीतल्या भामाबाई आल्या. कंबर धरलेली, दोन पोरींनी आधार दिलेला, चेहरा पांढराफटक. दारातूनच म्हणाल्या, "तेजे, बाई, लाथ लाव गं. तीन दिस झालं, उठता यीना का बसता यीना."

आई म्हणाली, "भामाबाई, पाय मुरगळलाय तिचा."

"कंचा?"

"डावा."

"मंग उजवा धड हाय की! ती उजव्यानंच लावती. नुसता टेकवायचा, बाई. जीव चाललाय माझा."

आता काय बोलणार? मुरगळलेल्या पायावर माणूस घटकाभर उभं राहू शकतं. आमच्या खोट्यात आम्हीच अडकलो. आईनं माझ्याकडं बघितलं. तिला रेघ माहीत होती, मलाही. भामाबाई खांब धरून वाकून उभ्या राहिल्या. मी भिंतीला हात लावला, डाव्या पायावर उभी राहिले आणि उजवा उचलला.

सात वेळा लावायचा असतो. पाचव्याला आत काहीतरी झालं. आवाज झाला की नाही ते माहीत नाही, मला मात्र कळलं. घाम फुटला. तरी मी सहावा लावला आणि सातवाही लावला. का लावला? माझी मलाच चीड येतेय.

भामाबाई सरळ झाल्या. "सुटली गं उसण! देव तुज्या पायाला बरकत देवो!" आणि स्वतःच्या पायांनी चालत गेल्या.

२८ जानेवारी, बुधवार

दिवसभर पाय खाली टेकवला नाही. तरी ठणकतोय. पडल्या पडल्याही ठणकतोय. कूस बदलायला भीती वाटते, सरकलं तर? रक्त बंद झालं तर कळतं का माणसाला? पाय गार पडतो का? सारखा हात लावून बघतेय. गारच लागतो. थंडीचे दिवस आहेत म्हणून असेल.

आईला सांगितलं नाही. आई विचारतही नाही. भाकरी ठेवते आणि पाठ फिरवते. एवढ्याशा घरात आम्ही एकमेकींना चुकवतोय.

२९ जानेवारी, गुरुवार. शिरूर, दवाखान्यात, संध्याकाळचे सहा

सकाळी करिश्माचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, "म्हंजे डॉक्टरनं तुला चार पाय दिले आन् तू एकावर उभी राहिलीस? येडे!" मग म्हणाली, "तेजे, बाप हाय ना घरात? फोन ठेव आन् जाऊन सांग. आत्ताच्या आत्ता."

आप्पा धार काढत होते. मी गोठ्याच्या दारातून सांगितलं. चरवी तशीच खाली ठेवली त्यांनी. शेजारच्या पप्पूची गाडी बोलावली आणि मला लहान पोरासारखं उचलून मागं ठेवलं. मला उचलताना त्यांना काही जडच गेलं नाही. गाडीत बसल्यावर ते स्वतःच्या हातांकडं बघत होते.

पुन्हा एमआरआय. या वेळी आवाजाची भीती वाटली नाही, आवाज थांबण्याची वाटली.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले. डाव्याची रेघ अर्ध्याच्या पुढं गेलीय. सरकलं नाहीये. "नशीब म्हणायचं. आज रात्रीच स्क्रू टाकायचे, उद्यावर ठेवायचं नाही." मग त्यांनी उजवीकडं बोट नेलं. उजव्या खुब्यातही पांढरं. "मागच्या वेळी इथं पुसट होतं. दोन्ही पायांनी धावतेस, म्हणून मी तेव्हा धरलं नाही. पण धावणं बंद होऊन चौदा दिवस झाले. तरी हे वाढलंय. तुझं हाड भरतच नाहीये. का भरत नाही? मला काहीतरी कळायचं राहिलंय."

दोन्ही पाय. मला वाटलं आपण आतून विरघळत चाललोय.

डॉक्टर आप्पांना म्हणाल्या, "काका, पाच मिनिटं बाहेर बसता का?" आप्पा उठले. ते दारापर्यंत गेले आणि मला एकटीची फार भीती वाटली. मी म्हणाले, "आप्पा, जाऊ नका." आणि त्यांच्यासमोरच बोलले. "मॅडम, मी खोटं बोलले. जूनपासून पाळी आली नाही, पोरी म्हणाल्या बॉडी सेट झाली. आणि मी जेवत नाही."

जमीन फाटावी असं वाटलं. फाटली नाही. आप्पा परत येऊन बसले. या वेळी त्यांनी कॅलेंडरकडं बघितलं नाही. म्हणाले, "डॉक्टर, भाकरी गोठ्यात जातीया. भोगीपास्नं बघतोय मी. पोरीच्या जातीला कसं विचारायचं, म्हणून गप बसलो. कालवड भरली आन् ही वाळली. आज उचलली तवा कळलं मला, किती वाळली त्ये." आणि रडले. माझे आप्पा. मी त्यांना आजवर रडताना बघितलं नव्हतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही की ते आधी पाळी बंद करतं, मग हाड भरणं बंद करतं. बॉडी सेट झाली नव्हती, बाळा. ती मदत मागत होती. स्क्रू मी बसवेन. हाड मला बसवता येत नाही, ते तुला खाऊनच भरावं लागेल."

आता कॉटवर आहे. भूल देणारे डॉक्टर पुण्याहून नऊला येणार आहेत. आईनं डबा आणलाय, फडक्यातून मेथीच्या भाजीचा वास येतोय. आणि मला भूक लागलीय. खरोखरची, पोट कुरतडणारी. सात-आठ महिन्यांत अशी लागली नव्हती. नर्सला विचारलं, अर्धी भाकरी खाऊ का? ती म्हणाली, "काही नाही. ऑपरेशन होईपर्यंत कडक उपास."

आप्पा बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेत. तू जेवल्याबिगर न्हाई, म्हणाले.

भीती वाटतेय. डावा तुटेल म्हणून, उजवाही जाईल म्हणून, सुईची, आणि भुकेचीसुद्धा. एवढं लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी, बुधवार. कवठे येमाई

आज माझं ग्राउंड होतं. हॉलतिकिटावर सकाळी पाचची वेळ होती. पाचला जागी होते. खुब्यात तीन स्क्रू आहेत, कुबड्या खऱ्या आहेत आणि कॉटखाली जात नाहीत. आई आता येईल त्याला सांगते, "हाड चिरलंय, उभं राहायचं न्हाई तिनं." काल कुणी तरी पाठ घेऊन आलं होतं, आईनं दारातूनच परत पाठवलं.

दहाला करिश्माचा फोन आला. दोन मिनिटं बावन्न. ती ओरडत होती, मागं शिट्ट्या, मायकवर कुणाकुणाचे नंबर. मी शाब्बास म्हणाले. मनापासून म्हणाले की नाही ते माहीत नाही. फोन ठेवला आणि उशी तोंडात धरून रडले. मी तिथं असते तर दोन अठ्ठेचाळीस काढले असते. आणि शेवटच्या वळणावर हाड तुटलं असतं, तेही मला माहीत आहे. दोन्ही खरं आहे, आणि त्यानं रडू काही कमी होत नाही.

पाळी अजून आलेली नाही. सोमवारी उजव्याचा एमआरआय आहे. डॉक्टर म्हणतात, पांढरं कमी झालं असेल तर वाचलो, नाहीतर तिकडंही स्क्रू. परत कधी धावशील, ते आत्ता विचारू नको, असंही म्हणाल्या. सोमवारचं नाव काढलं की पाचावर धारण बसते माझी.

दुपारी आईनं ताट आणलं. दोन भाकरी, पिठलं, कांदा. आप्पा उंबऱ्यात सुतळी वळत बसले होते. बघत नाही असं दाखवत होते, पण सुतळी पुढं सरकत नव्हती. पहिली भाकरी संपली. दुसरी नको वाटत होती, घास तोंडात फिरत होता, वजन वाढेल ही जुनी भीती परत वर आली. वजन वाढायलाच हवंय, हे मी मोठ्यानं म्हणाले. आप्पा दचकले. मी दुसरी संपवली.

मग आईला हाक मारली आणि म्हणाले, अजून अर्धी वाढ.